फुलदाणी आणि हँडल : डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या जाहिरातींचे एक वाचन

१

डेट्रॉइट शहरालगत डिअरबर्न येथे हेन्री फोर्ड संग्रहालय आहे. तेथे १९१४ सालची एक मोटारगाडी जपून ठेवलेली आहे. ती फोर्डच्या कारखान्यातली नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या नावाने विकली जाणारी, बॅटरीवर चालणारी ती गाडी क्लारा फोर्ड यांची, म्हणजे हेन्री फोर्ड यांच्या पत्नीची. ज्या गृहस्थाने पेट्रोलवर चालणारी 'मॉडेल टी' अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोहोचवली, त्याच्याच घरातली स्त्री दुसऱ्या कारखान्याची विजेची गाडी चालवीत होती. हा प्रसंग गमतीचा किस्सा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. आम्हांला मात्र तो एक पुरावा वाटतो. कोणती गाडी कोणाची, हे त्या काळी किती पक्के ठरून गेले होते, हे त्यातून कळते. आणि हे ठरवण्यात यंत्राचा जेवढा वाटा होता, तेवढाच यंत्राविषयी लिहिल्या गेलेल्या मजकुराचाही होता.

हा मजकूर म्हणजे जाहिराती. साहित्याच्या अभ्यासकाने जाहिरातीकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी वाचकाला त्याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागलेली 'किर्लोस्कर खबर' ही लोखंडी नांगर तयार करणाऱ्या एका कारखान्याची पत्रिका होती. कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यात संवाद राहावा, हा तिचा हेतू. तिच्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले आणि १९३० साली त्याच घरातून 'स्त्री' निघाले. माल विकण्याची भाषा आणि वाचक घडवण्याची भाषा यांच्यामधली भिंत आपल्याकडेही फारशी जाड नव्हती. जाहिरात वस्तूचे वर्णन करते. त्याच वेळी ती वस्तू कोणी वापरावी, कोठे वापरावी आणि वापरणाऱ्याने स्वतःला काय समजावे, हेही सांगत असते. म्हणजे कथा-कादंबरीला असतो तसा एक अभिप्रेत वाचक जाहिरातीच्याही पोटात असतो. डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या जाहिरातींत तो कसा घडला, आणि घडल्यावर त्याने त्या गाडीचे काय केले, हे आम्हांला येथे पाहायचे आहे.

२

प्रथम थोडी पार्श्वभूमी. विजेची मोटार ही अलीकडची कल्पना आहे असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या केवळ ९३६. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने फ्रान्समध्ये ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली, तीही विजेच्याच गाडीतून. म्हणजे शतकाच्या आरंभी 'मोटार' हा शब्द उच्चारताच पेट्रोलची गाडी डोळ्यांसमोर येत नव्हती. शब्द एकच होता. त्याचा अर्थ अजून ठरायचा होता.

तिन्ही प्रकारांना आपापल्या अडचणी होत्या. वाफेच्या गाडीचे पाणी तापेपर्यंत थांबावे लागे. पेट्रोलच्या गाडीला समोरून हँडल मारावे लागे. आपल्याकडे जुन्या मालमोटारींना आणि शेतावरच्या डिझेल इंजिनांना हँडल मारताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या कामातला धोका सांगायला नको. उलटा झटका बसला की मनगट मोडे. त्यात आवाज, धूर आणि गिअर बदलण्याचे कष्ट. विजेच्या गाडीत यांतले काहीच नव्हते. बसावे, दांडा पुढे करावा आणि निघावे. तिची अडचण वेगळी होती : बॅटरी जड, पल्ला मर्यादित आणि किंमत भारी.

या गाडीचा पहिला मोठा व्यापारी प्रयोग स्त्रियांसाठी नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विजेच्या भाड्याच्या गाड्या चालवल्या. विकण्यापेक्षा भाड्याने देणे आणि बॅटऱ्यांची निगा आपल्याच आगारात राखणे, ही त्यांची रीत. हा डोलारा १९०७ साली कोसळला. बॅटऱ्यांतल्या शिशावरून त्या कंपनीची टिंगल झाली आणि विजेच्या गाडीच्या नावाला सट्टेबाजीचा वास चिकटला. यापुढे विजेची गाडी विकायची तर तिला नवे चरित्र देणे भाग होते.

त्याच १९०७ साली डेट्रॉइटमधल्या अँडरसन कॅरेज कंपनीने डेट्रॉइट इलेक्ट्रिक बाजारात आणली. ही कंपनी मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. तिची कारागिरी लाकूडकामाची, गादीकामाची, काचेची आणि रंगाची होती. म्हणून तिची गाडी चाकांवर ठेवलेल्या दिवाणखान्यासारखी दिसे. उंच छत, सर्व बाजूंनी काचा, मऊ आसने आणि आत एक छोटी फुलदाणीही. अनेक गाड्यांत चालवणारी व्यक्ती मागच्या आसनावर बसे, पुढची आसने तिच्याकडे तोंड करून असत आणि पाहुणे समोर बसून तिच्याशी बोलत. दिशा बदलण्यासाठी गोल चाकाऐवजी आडवा दांडा असे. आजच्या डोळ्यांना ही रचना चमत्कारिक वाटते, पण ती निर्हेतुक नव्हती. गाडी चालवणे हे काम आहे असे येथे कोणाला वाटू नये, ते आतिथ्याचाच भाग वाटावे, अशी ती योजना होती.

३

आता जाहिराती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक स्वतःला प्रतिष्ठित समाजाची शहरातली गाडी म्हणवून घेई. क्लीव्हलंडची बेकर ही तिची प्रतिस्पर्धी तर आपल्या गाड्या मोटारींमधल्या खानदानी आहेत असे सांगे. या दोघींच्या आणि त्या वेळच्या इतर विद्युत गाड्यांच्या जाहिरातींतली चित्रे एकापुढे एक ठेवली, की एक ठराविक नेपथ्य दिसू लागते. मोठ्या घराची पायरी, नाट्यगृहाचे किंवा दुकानाचे दार, बागेतला रस्ता. गाडीत किंवा गाडीजवळ उत्तम पोशाखातली स्त्री, बरोबर मैत्रीण किंवा मूल. कपड्यांना डाग नाही, केस विस्कटलेले नाहीत. मजकुरात येणारे गुण म्हणजे शांतता, स्वच्छता, सोपेपणा आणि भरवसा.

या मजकुराचा रोख एकाच व्यक्तीकडे नाही, हे जरा बारकाईने वाचले की ध्यानात येते. चित्र स्त्रीसाठी आहे. पण अडीच हजार डॉलरांहून अधिक किंमत मोजणारा बहुधा तिचा नवरा आहे. त्यामुळे एकच वाक्य दोन कानांसाठी लिहिलेले असते. 'सोपी' हा शब्द स्त्रीच्या कानी पडतो तेव्हा त्याचा अर्थ, तुला कोणावर अवलंबून राहावे लागणार नाही, असा होतो. तोच शब्द नवऱ्याच्या कानी पडतो तेव्हा अर्थ होतो, हिलाही जमेल. 'सुरक्षित' या शब्दाचेही तसेच. तिच्यासाठी ते आश्वासन आहे. त्याच्यासाठी ती हमी आहे, की ती फार दूर जाणार नाही. नाट्यसंहितेत एकाच संवादाचा अर्थ रंगमंचावरच्या पात्राला वेगळा आणि प्रेक्षकाला वेगळा कळतो. त्यातलाच हा प्रकार.

या जाहिरातींच्या भूगोलाकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. त्यांतल्या सगळ्या जागा घराभोवती आहेत. दुकान, मैत्रिणीचे घर, नाटक, चर्च, आणि परत घर. गावाबाहेरचा रस्ता, डोंगर, चिखल, अनोळखी वस्ती यांना येथे जागा नाही. हे यंत्राच्या मर्यादेमुळेच झाले, असे म्हणता येईल, पण तेवढे म्हणणे पुरेसे नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक एका चार्जमध्ये सुमारे ८० मैल जाते असे कंपनी सांगे आणि एका चाचणीत तिने २११.३ मैलांचा पल्ला गाठल्याचाही गाजावाजा झाला. ८० मैल म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याच्या पुढे. अमेरिकेतले त्या वेळचे गावाबाहेरचे रस्ते वाईट होते आणि वाटेत चार्जिंगची सोय नव्हती, हे मान्य केले तरी आकडे एक सांगत होते आणि चित्र दुसरेच दाखवीत होते. आकड्यांतली गाडी शेजारच्या गावी जाऊन परत येऊ शकत होती. चित्रातली गाडी घराच्या पायरीपासून हललीच नव्हती.

याच काळात पेट्रोलच्या गाडीने स्त्रीला काय दिले, ते शेजारी ठेवून पाहू. ९ जून १९०९ रोजी ॲलिस रॅमसे ही बावीस वर्षांची विवाहित स्त्री तीन सहप्रवासिनींना घेऊन न्यूयॉर्कहून निघाली आणि ५९ दिवसांनी, ७ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. मोटार चालवत अमेरिका खंड ओलांडणारी ती पहिली स्त्री. तिच्या सोबतिणींपैकी कोणालाही गाडी चालवता येत नव्हती. टायर बदलणे, प्लग साफ करणे, चिखलातून वाट काढणे, हे सारे तिने केले. हा प्रवास निव्वळ साहस नव्हता. ती मॅक्सवेल कंपनीची पेट्रोलची गाडी होती आणि प्रवासाचा खर्च कंपनीने प्रसिद्धीसाठीच केला होता. म्हणजे हीदेखील जाहिरातच. एका स्त्रीने जे केले ते कोणालाही करता येईल, असे त्या कंपनीला पुरुष गिऱ्हाइकांना सुचवायचे असेल, आणि त्यात स्त्रीविषयी फारसा आदर नव्हता, असेही म्हणता येईल. तरीही फरक उरतोच. मॅक्सवेलच्या जाहिरातीत स्त्री हलत होती. तिच्यासमोर रस्ता होता, तिचे कपडे मळले होते आणि प्रवास संपल्यावर तिच्यापाशी सांगायला गोष्ट होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या जाहिरातीतल्या स्त्रीपाशी केवळ प्रतिष्ठा होती.

विद्युत गाडीच्या जाहिरातीने स्त्रीच्या हाती दांडा दिला, पण रस्ता दिला नाही, असे आमचे म्हणणे आहे.

४

याचा परिणाम गाडीला भोगावा लागला. 'बायकांची गाडी' हा शिक्का एकदा बसल्यावर पुरुष तिच्याकडे वळेनात. मग काही कारखानदारांनी एक विलक्षण उपाय केला. पेट्रोलच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी जो रेडिएटर असतो, त्याची नुसती नक्कल त्यांनी आपल्या विद्युत गाड्यांना पुढच्या बाजूने बसवली. जिला रेडिएटरची काहीच गरज नव्हती, तिला तो वेषांतरासाठी घालावा लागला. स्वतःच्या जाहिरातींनी घडवलेली ओळख पुसण्यासाठी यंत्रालाच सोंग घ्यावे लागले, याहून त्या जाहिरातींच्या सामर्थ्याचा मोठा पुरावा कोणता?

आणि गंमत अशी, की प्रत्यक्षातले वापरणारे जाहिरातीत मावणारे नव्हतेच. रात्री-अपरात्री निघावे लागणाऱ्या डॉक्टरांना ही गाडी आवडे, कारण ती हाक मारताच निघे. विद्युत अभियांत्रिकीतले थोर नाव चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्यापाशी १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. ती आजही स्कनेक्टडी येथील युनियन कॉलेजने सांभाळली आहे. थॉमस एडिसन यांनाही विजेच्या गाड्यांचे प्रेम होते आणि त्यांनी तयार केलेली निकेल-लोखंडाची बॅटरी डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये जादा पैसे देऊन मिळत असे. वाचकवर्ग विविध होता. अभिप्रेत वाचक मात्र एकच राहिला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विद्युत गाडी मागे पडली ती जाहिरातींमुळेच, असे म्हणणे साहित्याच्या माणसाला सुखावणारे असले तरी ते खरे नाही. १९०८ साली मॉडेल टी ८५० डॉलरांना मिळत होती आणि पुढे ती स्वस्तच होत गेली. डेट्रॉइट इलेक्ट्रिकची किंमत त्याच्या तिप्पट. १९२० सालीदेखील अमेरिकेतल्या सुमारे एकतृतीयांश घरांतच वीज होती. उरलेल्यांनी बॅटरी कोठे भरायची? १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. विद्युत गाडीचा सर्वांत मोठा गुण तिच्या प्रतिस्पर्ध्याने विजेच्याच मदतीने पळवला. व्हर्जिनिया शार्फ यांनी 'टेकिंग द व्हील' या १९९१ सालच्या ग्रंथात स्त्रिया आणि मोटारयुगाचा आरंभ यांचा इतिहास मांडला आहे. सोय आणि आराम हे गुण त्या काळी स्त्रीच्या नावावर कसे लिहिले गेले, हे त्यांनी दाखवून दिले आहे. स्टार्टरचे कौतुकही प्रथम बायकांची सोय म्हणूनच झाले. पण पुरुषांची मनगटेही त्यानेच वाचवली, म्हणून लवकरच ती सोय सर्वांची ठरली. पेट्रोलच्या गाडीवर 'बायकी' हा शिक्का बसला नाही, कारण तोपर्यंत तिच्या नावावर रस्ता लिहिला गेला होता.

तेव्हा किंमत, वीज आणि स्टार्टर ही कारणे ठळक आहेतच. जाहिरातींनी केले ते एवढेच, की या अडचणींवर मात करण्याची इच्छाच कमी केली. घराभोवती फिरणाऱ्या गाडीसाठी गावोगाव चार्जिंगच्या जागा असाव्यात, ती स्वस्त व्हावी, असा आग्रह कोण धरणार? उणीव हळूहळू स्वभाव मानली गेली.

कंपनी १९२९ च्या आर्थिक पडझडीत दिवाळखोरीत गेली. नंतर मागणी आली तर गाडी बांधून द्यायची, अशा रीतीने तिने दशकभर तग धरला आणि १९३९ च्या सुमारास ती संपली. एकूण सुमारे १३,००० गाड्या तयार झाल्या. डिस्नेच्या चित्रकथांतली डोनल्ड डकची आजी आपल्या शेतावरून निघते ती जुन्या डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये. प्रतिष्ठित तरुणीची गाडी कालांतराने आजीची गाडी झाली. बायकांची मात्र राहिलीच.

५

हा इतिहास येथे थांबला असता तर तो केवळ कुतूहलाचा विषय झाला असता. पण नेपथ्य पुन्हा पुन्हा मांडले गेले. जनरल मोटर्सने १९९६ साली ईव्ही-१ ही विजेची गाडी भाडेकराराने द्यायला सुरुवात केली. तिच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी जाहिरातीत टोस्टर, दिवे अशी घरातली विजेची उपकरणे रस्त्यावर येऊन या नव्या भावंडाचे स्वागत करतात. जाहिरात देखणी होती. पण ऐंशी वर्षांनंतरही विजेची मोटार घरातल्या वस्तूंच्याच रांगेत बसवली गेली, हे विसरता येत नाही. २००३ पर्यंत कंपनीने त्या गाड्या परत मागवल्या आणि बहुतेक सर्व मोडीत काढल्या.

टेस्लाने उलट वाट धरली. इलॉन मस्क यांनी ऑगस्ट २००६ मध्ये कंपनीची योजनाच एका छोट्या लेखाच्या रूपाने प्रसिद्ध केली : आधी महाग क्रीडा-गाडी, तिच्या पैशांतून कमी महाग गाडी, आणि मग सर्वसामान्यांना परवडणारी. २००८ साली आलेली रोडस्टर वेगासाठी ओळखली गेली. तिच्याभोवतीच्या मजकुरात शांतता आणि स्वच्छता मागे गेली, त्वरण पुढे आले. डेट्रॉइट इलेक्ट्रिक हे नावही याच काळात पुन्हा जागे झाले आणि २०१३ साली त्या नावाखाली दोन आसनी वेगवान गाडी जाहीर झाली. तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र झाले नाही. फुलदाणीची आठवण पुसण्यासाठी त्या नावाला आता खोट्या रेडिएटरची गरज नव्हती; वेगाचा आकडा पुरेसा होता. याला आम्ही प्रगती म्हणावे की वेषांतर, हे ठरवणे सोपे नाही. गाडीला रस्ता मिळाला हे खरे. पण रस्ता मिळण्यासाठी आधी पुरुषी व्हावे लागते, हा जुना नियम त्यात अबाधितच राहिला.

हा नियम अटळ नाही, याचे एक उदाहरण आपल्या दारात आहे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा तिला बटण दाबून सुरू करता येई, गिअर बदलावे लागत नसत. किक मारून, स्कूटर एका बाजूला कलती करून सुरू करणाऱ्या पुणेकर पुरुषांना ती 'बायकांची' वाटे. पुण्यातल्या मुली आणि नोकरदार स्त्रिया मात्र तसल्या गाड्यांवरून शहरभर फिरल्या. घराच्या पायरीशी थांबल्या नाहीत. २००१ च्या सुमारास होंडाची ॲक्टिव्हा आली आणि काही वर्षांतच तिच्यावर कचेरीत निघालेला बाप्या दिसणे यात कोणाला वावगे वाटेनासे झाले. गाडी स्वस्त होती, दुरुस्तीची सोय होती आणि मुख्य म्हणजे ती चालवणाऱ्या स्त्रिया रस्त्यावर दिसत होत्या. शिक्का पुसला तो जाहिरातीने नव्हे, वापराने.

साहित्याच्या वर्गात 'स्त्रीलेखन', 'बालसाहित्य', 'ग्रामीण साहित्य' ही लेबले आम्ही सहज लावतो. ती बहुधा आदरानेच लावलेली असतात, जशी त्या जाहिरातींतली स्त्री आदरानेच रंगवलेली होती. पण कपाटावर लेबल लागले की तेथे कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हेही ठरू लागते. लेखिकेला अंगण मिळते आणि गावाबाहेरचा रस्ता दुसऱ्या कोणाच्या नावावर होतो. पुढे त्या लेखनाची व्याप्ती लहान आहे असा निष्कर्ष निघतो, आणि तो लेखनाच्या स्वभावातून निघाला असे सर्वांना वाटते.

क्लारा फोर्ड यांची गाडी संग्रहालयात उभी आहे. ती किती दूर जाऊ शकत होती हे कागदोपत्री नोंदलेले आहे. तिला किती दूर जाऊ द्यायचे, हे जिथे ठरले ते कागद वेगळे होते. आणि ते कागद वाचणे हे आमचे, साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे, काम आहे.